भरल्या बाजारातील भूक



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘महागाई’ हा विषय सुचविला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही तूरडाळीच्या आणि गोडेतेलाच्या भावांविषयी चार कडू गोष्टी सांगाव्यात, साठेबाजांना चार शब्द सुनवावेत आणि आपण त्यावर टाळ्या द्याव्यात. असे व्याख्यान देणाऱ्यालाही सोपे जाते आणि ऐकणाऱ्यालाही. परंतु साठेबाजाला शिव्या देऊन झाल्या म्हणजे विषय संपला असे आपणां सर्वांस वाटू लागते, आणि खरा विषय तर तेथून पुढे सुरू होतो. म्हणून आज आम्ही थोडी वाट वाकडी करून आपल्या शेजारच्या बांगला देशाची हकीकत सांगणार आहोत. भाव चढणे आणि माणूस उपाशी पडणे या दोन गोष्टींमधला सांधा त्या देशाच्या गेल्या पन्नास वर्षांत जितका उघडा पडला आहे, तितका तो क्वचितच कोठे दिसतो. आणि या हकीकतीत आपला महाराष्ट्रही दोन ठिकाणी येतो. एके ठिकाणी अभिमानाने सांगावे असे, आणि दुसऱ्या ठिकाणी जरा अवघडल्यासारखे व्हावे असे.

प्रारंभ १९७४ सालापासून करू. बांगला देश स्वतंत्र होऊन तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. युद्धात पूल पडले होते, आगगाड्या आणि होड्या नाहीशा झाल्या होत्या, सरकारी कोठारांत शिल्लक अशी नव्हतीच. त्यातच १९७३ च्या अखेरीस जगभर खनिज तेलाचे भाव भडकले. त्याच्या आदल्या वर्षी रशियाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणावर गहू उचलल्यामुळे धान्याचे जागतिक भावही चढलेलेच होते. नव्या देशाच्या गाठीस परकीय चलन नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात परदेशातून घेण्याचे ठरलेले धान्याचे काही सौदे केवळ उधारी मिळाली नाही म्हणून रद्द झाले. आणि अशा वेळी जूनच्या अखेरीपासून ब्रह्मपुत्रेला पूर येऊ लागले. ते ओसरण्याआधी पुन्हा आले. रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट या जिल्ह्यांची दैना उडाली.

येथवरची गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल : पूर आला, पीक बुडाले, धान्य कमी पडले, भाव चढले, माणसे मेली. सरळ हिशेब आहे. पण हा हिशेब चुकीचा आहे. तो कसा चुकीचा आहे हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दारिद्र्य आणि दुष्काळ’ या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात आकडे मांडून दाखविले. १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत बांगला देशात दरडोई सर्वांत जास्त धान्य कोणत्या वर्षी उपलब्ध होते? १९७४ साली! ज्या तीन जिल्ह्यांत भुकेने सर्वांत अधिक हाहाकार माजविला, त्या जिल्ह्यांचे दरडोई उत्पादन आदल्या वर्षापेक्षा घटले नव्हते, उलट वाढले होते.

हे कोडे उलगडायचे तर तेथील शेतीचे पंचांग थोडे पाहिले पाहिजे. बंगालमध्ये भाताची तीन पिके निघतात. ‘बोरो’ उन्हाळ्याच्या सुमारास, ‘आऊश’ जुलै-ऑगस्टात, आणि मुख्य पीक ‘अमन’ ते नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे १९७४ च्या पुराने जे अमन बुडाले, ते घरात यायचे होते डिसेंबरात. आणि माणसे मरू लागली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. जे पीक अजून खायचेच नव्हते ते बुडाल्यामुळे माणूस दोन महिने आधीच उपाशी कसा मेला?

तो मेला, कारण पुराने भात बुडविण्याआधी काम बुडविले. अमनची रोपे लावण्याचे दिवस म्हणजे भूमिहीन मजुराच्या कमाईचे दिवस. शेतात छातीभर पाणी असताना लावणी कसली आणि मजुरी कसली? एकीकडे मजुरी गेली. आणि दुसरीकडे, पुढचे पीक जाणार अशी बातमी गावोगाव पसरताच ज्याच्याजवळ भात होता त्याने तो दाबून धरला. तांदळाचा भाव अवघ्या तीन महिन्यांत कित्येक ठिकाणी दुप्पट झाला.

आपण एक साधा हिशेब करून पाहू. हा केवळ समजण्यासाठी घेतलेला दाखला आहे. समजा, एका मजुराला एका दिवसाच्या मजुरीत दोन शेर तांदूळ येतो. आठवड्यात सहा दिवस काम मिळाले की घरात बारा शेर तांदूळ आला. आता भाव दुप्पट झाला आणि मजुरी तेवढीच राहिली, तर सहा शेर येईल. पण कामही सहा दिवसांऐवजी तीनच दिवस मिळू लागले, तर येईल तीन शेर. बारा शेरांचे तीन शेर झाले! देशात तांदळाचा एक दाणाही कमी झालेला नाही. बाजारात दुकान उघडे आहे, पोती भरलेली आहेत, तराजू टांगलेला आहे. आणि या माणसाचे घर मात्र चतुर्थांश अन्नावर आले. आपल्या भाषेत अशा माणसाला ‘हातावर पोट असलेला’ म्हणतात. या शब्दांत जेवढे अर्थशास्त्र भरले आहे, तेवढे आम्हांस पुष्कळशा जाड ग्रंथांतही आढळलेले नाही. हाताला काम नसेल तर पोट कशावर राहायचे?

रंगपूर भागात या दिवसांना एक नावच आहे : ‘मोंगा’. आश्विन आणि कार्तिक हे ते महिने. लावणी संपलेली, कापणी सुरू व्हायची आहे, हाताला काम नाही. आपल्याकडे कार्तिक म्हणजे दिवाळी संपून एकादशीला पंढरीची वाट धरण्याचे दिवस. तिकडे कार्तिक म्हणजे उपासमारीचे दिवस. हा मोंगा चांगल्या वर्षीही येतच असे. १९७४ साली तो दुप्पट भाव घेऊन आला.

त्या मजुराच्या पाठोपाठ कोण गेले तेही पाहण्यासारखे आहे. मजुराच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर त्याची दाढी करणारा न्हावी, त्याला मासे विकणारा कोळी, त्याचे लुगडे-लुंगी विणणारा विणकर यांचेही धंदे बसले. ज्यांच्याजवळ बिघा-दोन बिघे जमीन होती त्यांनी ती मिळेल त्या किमतीला विकून तांदूळ घेतला आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच मजूर झाले. जमीन घेणारे कोण होते? ज्यांच्या कणगीत भात होता तेच. एका भाववाढीने गावातील जमिनीचे मालक बदलले, आणि ती अदलाबदल पुढे अमनचे पीक आल्यावर आणि भाव उतरू लागल्यावर उलटली नाही. दुष्काळ चार महिन्यांत ओसरला असे कागदोपत्री म्हणतात, त्यात हा हिशेब धरलेला नसतो.

मग सरकार काय करीत होते? सरकारने सप्टेंबरच्या अखेरीस दुष्काळ जाहीर केला आणि लंगरखाने, म्हणजे अन्नछत्रे, उघडली. थोडीथोडकी नव्हेत, सहा हजारांच्या जवळपास. भर असताना त्यांत त्रेचाळीस लाखांवर माणसे जेवत होती, म्हणजे देशातील दर शंभरांत सहा. नोव्हेंबरअखेर ती बंद झाली. सरकारने मृतांचा आकडा दिला सव्वीस हजार. अभ्यासकांचे नंतरचे अंदाज यापेक्षा फारच मोठे, दहा-पंधरा लाखांपर्यंत गेले आहेत. एवढे अंतर दोन आकड्यांत कसे पडते याचे नवल वाटायला नको. भुकेने मरणारा माणूस बहुधा हगवणीने, तापाने, पटकीने मरतो, आणि नोंदवहीत रोगाचे नाव लागते.

शिवाय असे की, सरकारजवळ जे थोडे धान्य होते त्यातला मोठा वाटा ढाका, नारायणगंज, चितगाव, खुलना यांसारख्या शहरांच्या रेशनमध्ये, फौजेत, पोलिसांत आणि सरकारी नोकरांत जात असे. आम्ही हे दोष म्हणून सांगत आहोत, पण त्यात आश्चर्य काही नाही. शहरातला माणूस मोर्चा काढतो, कचेरीसमोर येऊन उभा राहतो. रंगपूरचा मजूर मुकाट्याने रेल्वे स्टेशनच्या फलाटावर येऊन निजतो. कोणते सरकार आधी कोणाकडे पाहील?

अमेरिकेची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. अमेरिकेकडून मदतीचे धान्य यायचे होते. त्या मदतीच्या कायद्यात अशी अट होती की, क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला ही मदत मिळणार नाही. आणि बांगला देशाने क्यूबाला तागाची चाळीस लाख पोती विकली होती! तागाशिवाय त्या देशाजवळ विकण्यासारखे होते तरी काय? तो व्यापार थांबवावा लागला, बोलणी झाली, करार झाला तोवर ऑक्टोबर उजाडला. धान्य येऊन पोचले ते दुष्काळाचा भर ओसरल्यावर. पोती क्यूबाला गेली आणि त्या पोत्यांत भरायचे धान्य मात्र आले नाही, असा हा व्यवहार. तांदूळ चोरट्या वाटेने सरहद्द ओलांडून भारतात गेला असेही त्या वेळी फार बोलले जाई. काही गेला असेलही. परंतु एवढ्या मोठ्या मृत्यूचे खापर तस्करांवर फोडणे म्हणजे घराला आग लागली असता उंदरांनी वात पळविल्याची तक्रार करण्यासारखे आहे.

आता आपल्या घरी येऊ. बांगला देशातील ही घटना घडण्याच्या केवळ एक-दीड वर्ष आधी महाराष्ट्रात काय चालले होते? आपल्यापैकी जे वडीलधारे येथे बसले आहेत त्यांना १९७२ चा दुष्काळ सांगण्याची गरज नाही. त्यांनी तो पाहिला आहे, कित्येकांनी त्यात खडी फोडली आहे. सतत दोन-तीन वर्षे पाऊस कमी आणि १९७२ साली तर तो जवळजवळ पडलाच नाही. राज्यातील धान्याचे पीक नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. विहिरींचे तळ दिसले. गुरे चाऱ्यावाचून मेली किंवा कवडीमोलाने गेली. लोकांनी अमेरिकेची ती तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, मुलांनी सुकडी खाल्ली. म्हणजे बांगला देशात १९७४ साली धान्य जास्त होते, आणि महाराष्ट्रात १९७३ साली ते निम्मे होते. तरीही बांगला देशात जे झाले ते महाराष्ट्रात झाले नाही. रस्त्याच्या कडेला माणसांचे ढीग पडले नाहीत.

याचे कारण खडी. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि दुसरे काही नसेल तेथे खडी. त्या खडीचे पुढे काय झाले, असे विचारणारे शहरी विनोदकार तेव्हाही होते. परंतु खडीचा खरा उपयोग रस्त्यावर पडण्याचा नव्हताच. शनिवारी हजेरीपटावर अंगठा उठवून आठवड्याचे पैसे हाती पडण्याचा होता. कारभारीण काम करीत असेल तर तिचेही पैसे तिच्या हातात. आणि पैसे हातात आले म्हणजे धान्य आपोआप त्या दिशेने वाहू लागते. त्या वेळी परप्रांतातून खाजगी व्यापाऱ्यांनी धान्य आणण्यावर बंदी होती. तरी ते आलेच. नाक्यावरून नाही आले तर आडवाटेने आले. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर व्यापारी डोंगर ओलांडतो. आणि गिऱ्हाईकाचा खिसा रिकामा आहे असे कळले, तर तोच व्यापारी आपल्या शेजारच्या गल्लीतही पोते सोडीत नाही. बंगालात १९४३ साली तीस लाखांच्या घरात माणसे मेली, तेव्हाही हीच गोष्ट घडली होती. लढाईमुळे कलकत्त्यात पैसा खेळू लागला आणि खेड्यातला तांदूळ त्या पैशामागे निघून गेला.

आपल्या पाठीवर आपणच शाबासकी देण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र ध्यानात घेतल्या पाहिजेत. ही कामे सरकारने केवळ दयाबुद्धीने काढलेली नव्हती. कामासाठी, मजुरीसाठी तालुक्या-तालुक्यांतून मोर्चे निघत होते, कामावरचे मजूर संप करीत होते, विधानसभेत आमदार भांडत होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या स्त्रियांनी बायकांच्या हातात लाटणी देऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले, ते याच वर्षांत. दुसरे असे की, मजुरी जेमतेम पोटापुरती होती. माणसे मेली नाहीत म्हणजे ती धडधाकट राहिली असे नव्हे. परंतु एक गोष्ट त्यातून टिकली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच ज्याचा प्रयोग केला होता ती ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना १९७२ साली राज्याची योजना झाली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि तोच धागा पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्यात गेला. येथे नोकरदार मंडळी बरीच आहेत, म्हणून सांगतो : आपल्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी रक्कम कापलेली दिसते, तो कर १९७५ साली या रोजगार हमीसाठी बसविला गेला. महिन्याच्या महिन्याला कपाळाला आठी पाडून आपण तो देतो. तो कशासाठी बसविला हे शंभरातून पाच जणांस तरी ठाऊक असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

बांगला देशाने १९७४ पासून काही शिकून घेतले नाही असे कोणी समजू नये. शिकला, आणि चांगलेच शिकला. कूपनलिका आल्या, बोरोचे पीक वाढले. त्या वेळी जेथे कोटभर टन तांदूळ पिकत होता तेथे आता साडेतीन कोटी टनांच्या वर पिकतो, आणि लोकसंख्या मात्र साडेसात कोटींवरून सतरा कोटींवर, म्हणजे सव्वादोन पटींच्या आसपासच, वाढली आहे. १९९८ साली देशाचा दोन-तृतीयांश भाग दोन महिने पाण्याखाली होता. १९७४ पेक्षा हा पूर मोठा. पण दुष्काळ पडला नाही. सरकारने लाखो गरीब कुटुंबांना कार्डे देऊन धान्य पुरविले, आणि व्यापाऱ्यांनी भारतातून ट्रकांमागून ट्रक तांदूळ आणला; कारण तोवर आयात खाजगी व्यापाऱ्यांना खुली झाली होती आणि आपल्या बाजूचे दारही उघडे होते.

दार उघडे होते हे महत्त्वाचे, कारण नऊ वर्षांनी ते मिटले. २००७ च्या ऑक्टोबरात भारताने साध्या तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पुढच्याच महिन्यात बांगला देशावर ‘सिद्र’ चक्रीवादळ आदळले. भारताने पाच लाख टन तांदूळ देण्याचे वचन दिले खरे, पण भावाची बोलणी लांबली. एकाने दार लावले की शेजारीपाजारीही आपापली दारे लावतात; त्याप्रमाणे इतर देशांनीही निर्यात रोखली, आणि २००८ च्या पहिल्या चार-पाच महिन्यांत तांदळाचा जागतिक भाव अडीच-तीन पट झाला. जगात त्या वर्षी तांदूळ काही कमी पिकला नव्हता! ढाक्यात भरड तांदूळ वर्षभरात दुप्पट झाला. लष्करप्रमुखांनी जनतेला बटाटे खाण्याचा सल्ला दिला. सीमेवरील शिपायांना स्वस्त धान्याच्या दुकानांवर बसविले. त्या ‘डाळभात’ मोहिमेतील पैशांच्या तक्रारी २००९ च्या फेब्रुवारीत त्या दलाने जे रक्तरंजित बंड केले त्याच्या कारणांत सांगितल्या गेल्या. डाळभाताचे नाव दिलेल्या कामातून तोफा-बंदुका बाहेर निघाव्यात, यावरून महागाई कोणकोणत्या बिळांतून वर येते याची कल्पना यावी.

आणि आता महाराष्ट्राचा दुसरा प्रवेश. तो कांद्याचा आहे. २०१९ च्या सप्टेंबरअखेर, आपल्याकडे कांदा महाग झाला म्हणून, भारत सरकारने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. लासलगाव-पिंपळगावचा कांदा बांगला देशाच्या रोजच्या जेवणातला. ढाक्यात जो कांदा पन्नास-साठ टक्यांना किलो मिळे तो नोव्हेंबरात दोनशेच्या वर गेला. विमानाने कांदा आणावा लागला. त्या देशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरात दिल्लीस आल्या असता हसत हसत म्हणाल्या की, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, आणि पुढच्या वेळी अशी बंदी घालण्याआधी थोडी सूचना दिलीत तर बरे होईल. सभागृह हसले. ज्या घरात भाताबरोबर दुसरे काही नसते, एक कांदा आणि एक मिरची एवढेच असते, त्या घरात हसू आले असेल असे आम्हांस वाटत नाही.

त्यानंतर २०२० साली बंदी, २०२३ च्या ऑगस्टात चाळीस टक्के निर्यातशुल्क, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी, ती थेट २०२४ च्या मेपर्यंत. प्रत्येक वेळी आम्ही शहरवासी मनातून सुखावलो. कांदा उतरला! पण तो उतरला म्हणजे कोणावर उतरला? नाशिक जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याने चाळीत कांदा भरून ठेवला होता त्याच्यावर. २०२३ च्या ऑगस्टात लासलगावचे लिलाव बंद पडले ते काही उगाच नव्हे. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ढाक्याच्या झोपडीतली बाई आणि निफाड तालुक्यातला कांदेवाला, या दोघांनाही एकाच हुकुमाने एकाच दिवशी खाली ओढले. एकीला भाव चढून, दुसऱ्याला भाव पडून. मधल्यामध्ये आम्ही मात्र पाच-दहा रुपये वाचविले. त्यातून झाले काय, तर बांगला देशाने पाबना आणि फरीदपूरकडे स्वतःचा कांदा वाढविण्याचे मनावर घेतले. विश्वास गेला म्हणजे गिऱ्हाईक जाते, हे आपल्या पेठेतला लहानसा दुकानदारही जाणतो. दिल्लीस ते उशिरा कळते.

अखेरीस ढाक्याच्या शिवण-कारखान्यांतील बायकांविषयी सांगितले पाहिजे, कारण १९७४ च्या मजुराची जागा आज त्यांनी घेतली आहे. आपण अंगात घालतो त्या तयार कपड्यांपैकी कित्येक त्यांच्या हातचे असतात. त्यांचे किमान वेतन २०१८ च्या डिसेंबरापासून महिना आठ हजार टका होते. वेतनाचा फेरविचार तेव्हा साधारण पाच वर्षांनी एकदा होत असे. म्हणजे मधली पाच वर्षे आठ हजार ते आठ हजारच. या पाच वर्षांत करोनाची साथ आली, युक्रेनचे युद्ध आले, टक्याची किंमत डॉलरमागे घसरत गेली, आणि तेल, डाळ, गहू असे जे जे बाहेरून येते ते सारे महागले. २०२२ साली सरकारने कोटभर कुटुंबांना कार्डे दिली. सरकारी ट्रकांमागे तेल-डाळीसाठी ज्या रांगा लागत त्यांत आता पांढरपेशेही दिसू लागले. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या कामगारांनी तेवीस हजारांची मागणी केली, रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काहींचे प्राण गेले, आणि वेतन ठरले साडेबारा हजार. पुढच्या वर्षी जुलैत अन्नाची महागाई वर्षाला चौदा टक्क्यांवर पोचली. ऑगस्टात ते सरकारच गेले. ते केवळ महागाईने गेले असे आम्ही म्हणत नाही. त्या उठावाची कारणे निराळी आणि अनेक होती. पण उपाशी घरातला मुलगा रस्त्यावर यायला फार वेळ लावीत नाही.

त्यानंतर तिकडे महागाईचा वेग कमी झाला. मात्र भाव वाढण्याचा वेग उतरणे निराळे आणि भाव उतरणे निराळे. शंभराचे एकशे चौदा झाले आणि पुढल्या वर्षी एकशे बावीस झाले, तर वर्तमानपत्र लिहिते, ‘महागाई निम्म्यावर’. बाजारातून येणाऱ्या बाईच्या पिशवीला हे वाचता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्ता मिळविला, आणि तो पुढे राहणीखर्चाच्या निर्देशांकाला जोडला गेला. भाव चढला की भत्ता चढतो. आज येथे बसलेल्यांपैकी जे सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत आहेत, त्यांच्या घरी तो भत्ता येतो. म्हणून डाळ महागली की आपण चिडतो, पण उपाशी राहत नाही. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला असा भत्ता नाही. आपल्या शहरात बांधकामावर विटा वाहणाऱ्यालाही नाही, आपल्या घरी भांडी घासायला येते तिलाही नाही. तिचे पैसे आपण शेवटचे कधी वाढविले, आणि तेव्हा तेलाचा डबा केवढ्याला होता, हे आज घरी गेल्यावर एकदा कागदावर मांडून पाहावे. सभा संपल्यावर आम्ही अर्धा तास येथेच आहोत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी अवश्य विचारावे.